भाजलेली वाळू

बारामती-इंदापूर भागात कुणाच्या घरी तांब्याच्या पाईपाचं काम निघालं, की फिरून फिरून लोक अजूनही माझ्याकडे येतात. मी आता एकसष्ट वर्षांचा आहे. शिडीवर चढत नाही, आणि काम घेतलंच तर आधी बसायला खुर्ची मागतो. तरी येतात. "तुमच्यासारखा बेंड कुणाला जमत न्हाय," म्हणतात. मी मान डोलावतो. सुरुवातीला मी किती पाईप वाया घालवले, आणि माझ्या शिकण्यात दुसऱ्याच माणसाचं काय गेलं, हे त्यांना सांगत बसत नाही. ते इथं सांगतो.

ज्यांना नळकामातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. हल्ली घरात येतो तो प्लॅस्टिकचा पाईप. कापला, सोल्युशन लावलं, दाबून धरला, झालं. आमच्या उमेदीत होता जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाईप. तो करवतीनं कापायचा, डाय फिरवून टोकाला आटे पाडायचे, आट्यांवर सुतळी गुंडाळून सफेदा लावायचा आणि पान्यानं आवळायचा. वळण आलं की एल्बो घालायचा, म्हणजे एका वळणाला दोन सांधे आले. तांब्याचा पाईप मात्र अखंड वळवता येतो. जिथं सांधा नाही तिथं गळती नाही. आणि पाईप भिंतीत गाडायचा असेल तर याहून मोठा गुण नाही, कारण भिंतीतली गळती कळते ती शेजारच्या खोलीतल्या कपाटाला बुरशी आल्यावर.

अर्थात सगळ्यांनाच पाईप भिंतीत हवा असतो असं नाही. वरकुट्याच्या एका डाळिंबवाल्यानं माझ्याकडून सगळी लाईन भिंतीच्या बाहेरून करून घेतली. मी म्हणालो, "आबा, आत घेतली तर बरी दिसंल." तर म्हणाले, "एवढा तांब्याचा पाईप घ्यायचा आन् पावण्यांना दिसायचा न्हाय व्हय? बाहीरच ऱ्हाऊ दे." त्यांच्या घरी दर सणाला तो पाईप चिंचेनं घासतात. माझं सगळ्यात चकचकीत काम तेच.

पण ही पुढची गोष्ट झाली. मी सांगतोय ती माझ्या अगदी पहिल्या तांब्याच्या कामाची.

आमचं घर मूळचं कळसचं, मेंढरांचं. वडील मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे. मी शाळेपायी मागं राहिलो, दहावीला अडकलो आणि बारामतीत एका नळफिटरच्या हाताखाली लागलो. तिशी ओलांडली तेव्हा माझं स्वतःचं काम होतं, दोन पाने, एक डाय, एक जुनी मोटारसायकल होती आणि बाजारपेठेत थोडं नाव होतं. नाव थोडं असलं तरी तोरा बराच होता.

त्याच सुमारास नाईक मॅडमनी बोलावलं. त्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवत. एकट्याच राहायच्या. आयुष्य भाड्याच्या घरांत गेलं होतं आणि आता भिगवण रस्त्याला स्वतःचं घर बांधत होत्या. जुन्या घरात बोअरच्या जड पाण्यानं लोखंडी पाईप आतून भरत आले होते, बादलीत लालसर पाणी यायचं. त्यामुळे नव्या घरात गच्चीवर सोलर आणि तिथून खाली येणारी गरम पाण्याची सगळी लाईन तांब्याची, असं त्यांनी ठरवलं होतं. पाईप त्यांनी पुण्याहून स्वतः निवडून आणले होते. हातात एक वही असायची. त्यात घराच्या प्रत्येक भिंतीचं चित्र, आणि त्यावर लाल पेन्सिलीनं पाईपाची वाट.

"बिरूदेव, तांब्याचा पाईप वाकवलाय का तुम्ही याआधी?" त्यांनी विचारलं.

बाजूला गवंडी उभा होता, फरशीवाला उभा होता. दोघं माझ्याकडे बघत होते. "न्हाय" हा शब्द काही माझ्या तोंडातून निघाला नाही.

"व्हय मॅडम," मी म्हणालो. "बरेच वेळा."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पाईप माझ्या ताब्यात दिले.

दुसऱ्या दिवशी मी अर्धा इंची पाईप गुडघ्यावर घेतला आणि दोन्ही हातांनी दाबला. आधी तो हललाच नाही. जोर वाढवला, तेव्हा एकदम मधोमध चपटा होऊन बसला, जसं उसाचं कांडं मोडावं. दुसरा घेतला, तो भिंतीच्या कोपऱ्यावर ठेवून वाकवला. तोही तसाच. तिसरा तर तडकला. तिन्ही पाईप मी सिमेंटच्या पोत्यांमागं सारले आणि मॅडमना सांगितलं, "अजून मोजमापं चाललीयेत."

हार्डवेअरच्या दुकानदाराला मात्र खरं सांगावं लागलं. तो हसला आणि म्हणाला, "लासुर्ण्याला जा. सोपानतात्यांना भेट. कारखान्यात सगळा जन्म पाईप वाकवलेत त्यांनी. आता रिटायर हायेत, घरीच असत्यात."

लासुर्णं म्हणजे बारामतीहून मोटारसायकलवर पाऊण-एक तास. दोन्ही बाजूंना ऊस. सोपानतात्यांचं घर रस्त्याला लागूनच होतं. पुढं पत्र्याचं छप्पर, त्याखाली लाकडी बाकाला बसवलेला वाईस, म्हणजे पाईप धरायचा शिकंजा. तात्या पासष्टीचे, बुटके, मनगटं मात्र पैलवानाची. कारखान्यातल्या खडखडाटानं कान थोडे गेले होते, त्यामुळे साधं बोलणंही भांडल्यासारखं मोठ्यानं. मी माझं खोटं त्यांना सांगून टाकलं. मॅडमना काय म्हणालो, पाईपांचं काय केलं, सगळं.

"कुठल्या गावचा?" त्यांनी विचारलं.

"कळसचा. आमची मेंढरं हुती."

"आन् मग?" तात्या ओरडले. "मेंढरं वळवायच्या घरातला तू, आन् येवढा पाईप वळवता येत न्हाय?"

आतून त्यांच्या बायकोचं, काकींचं हसणं ऐकू आलं. त्या दिवसापासून मी बिरूचा बिऱ्या झालो.

तात्यांनी मला जे शिकवलं ते सांगायला फार सोपं आहे. बाजारातून येतो तो सरळ पाईप कडक असतो. त्याला आधी ताव द्यायचा. रॉकेलवर चालणारा ब्लोलॅम्प असतो, मोठ्यानं फुरफुरणारा, त्याच्या जाळावर पाईप मंद लाल होईपर्यंत तापवायचा आणि मग गार करायचा. लोहार विळा तापवून पाण्यात बुडवतो तेव्हा तो कडक होतो. तांब्याचं उलटं, ते लोण्यासारखं नरम पडतं. पण नरम पडलं म्हणून वाटेल तितक्या वेळा वाकवता येत नाही. वाकवता वाकवता ते पुन्हा कडक होतं आणि चुकलेलं वळण दोन-तीनदा सुधारायला गेलात तर तडा जातो.

दुसरं असं की पाईप वळतो तेव्हा त्याची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली, तात्या तिला पोट म्हणायचे, ती आकसते. आत आधार नसेल तर पोटाला घडी पडते आणि पाईप चपटा होतो. म्हणून लहान पाईपात स्प्रिंग घालायची आणि मोठ्यात वाळू ठासून भरायची. शिवाय हात सोडला की पाईप जरासा परत उलगडतो, तेव्हा हवा त्याच्यापेक्षा चिमूटभर जास्तच वाकवायचा. चिमूटभर म्हणजे किती, ते कुठल्याही वहीत सापडत नाही.

मी रोज दुपारून जायचो. पहिल्या आठवड्यात माझं एकही वळण धड आलं नाही. एकदा दोन्ही बेंड सुरेख आले, पण एक उत्तरेला आणि दुसरा वायव्येला. पाईप जमिनीवर ठेवला तर विंचवासारखी शेपटी वर. तात्या इतके हसले की खोकला लागला. "वाकवायच्या आधी कुठं जायाचं त्ये ठरव की रं," म्हणाले. काकी माझे चुकलेले तुकडे गोळा करायच्या. एकाची त्यांनी कंदिलाला खुंटी केली, एक गोठ्याच्या दाराला कडी म्हणून लावला. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी काकी म्हणाल्या, "आज मला काय न्हाय?" तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्या दिवशी एकही तुकडा वाया गेला नव्हता.

अर्धा इंची लाईन मी मग मॅडमच्या घरी धडाधड उरकली. राहिलं होतं एकच मोठं काम. सोलरच्या टाकीतून निघणारा एक इंची पाईप गच्चीच्या कठड्याला वळसा घालून खाली उतरवायचा होता. तिथून पाणी पंपाशिवाय, नुसतं आपल्या वजनानं उतरतं, त्यामुळे एल्बोचं काटकोनी वळण नको, मोठं आणि सैल वळण हवं. एक इंची पाईप स्प्रिंगनं ऐकत नाही. त्यात वाळू भरायची, दोन्ही टोकांना लाकडी बूच ठोकायचे आणि लाल करून गरम असतानाच वळवायचा. हे मी कधी केलं नव्हतं. तात्या म्हणाले, "म्या येतो. येकटा करू नगंस."

ते सकाळच्या एसटीनं आले. मॅडमच्या घराची वास्तुशांत दोन दिवसांवर होती. फरशीवाला गच्चीच्या दारात उभा राहून दर पाच मिनिटांनी विचारत होता, "झालं का? मला कठड्याकडंची फरशी घ्यायचीय." तात्या खाली मॅडमबरोबर चहा घेत होते. पाईप भरून ठेवायचं काम माझ्याकडे होतं.

वाळू भाजायची असते. पत्र्यावर घालून, खाली जाळ करून, हलवत हलवत, तिच्यातलं सगळं पाणी जाईपर्यंत. अर्धा-पाऊण तास जातो. तात्यांनी हे मला दहा वेळा सांगितलं होतं. पण बांधकामाची वाळू गच्चीवरच पडली होती. चार दिवस कडक ऊन होतं. वरची वाळू हातात घेतली तर बोटांतून भुरभुर सांडली. मी तीच भरली. निम्मा पाईप भरेपर्यंत मी ढिगात खोल हात घालत होतो, आणि आतली वाळू गार लागत होती, हे मला कळत होतं. खोटं कशाला बोलू? कळत होतं. मी बूच ठोकले.

तात्या वर आले. पाईप वाईसमध्ये बघितला, टिचकी मारली.

"वाळू भाजली का?"

"व्हय तात्या, भाजली."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. ब्लोलॅम्प पेटवला. पाईप काळपट झाला, मग लाल व्हायला लागला. तात्या रंग बघायला वाकले. त्याच क्षणी फटाका फुटावा तसा आवाज झाला. त्यांच्या बाजूचा बूच सुटला आणि मागोमाग वाफ आणि तापलेली वाळू बाहेर आली. तात्या दोन्ही हात तोंडावर घेऊन खाली बसले.

मी जागचा हललो नाही. लाजिरवाणं आहे, पण खरं आहे. फरशीवाला ओरडला. मॅडम जिन्यावरून धावत आल्या आणि त्यांनी पहिलं काय केलं तर तात्यांचे हात धरले. "चोळू नका! डोळा अजिबात चोळायचा नाही! बिरूदेव, पिण्याचं पाणी आणा. सगळं आणा!" कॉलेजच्या प्रयोगशाळेत सगळी नोकरी काढलेल्या बाई. गच्चीवरच त्यांनी तात्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि तांब्यानं पाण्याची धार डोळ्यावर धरली. मी कळशी भरून आणायचो, त्या ओतायच्या. घड्याळ बघत होत्या. पंधरा मिनिटं झाल्याशिवाय थांबल्या नाहीत. मग त्यांच्याच गाडीतून दवाखान्यात.

डॉक्टर नंतर म्हणाले, त्या पाण्यानं डोळा जागेवर राहिला. उजवा डोळा. चेहऱ्यावरचं भाजणं वरवरचं होतं, पण बुबुळाला इजा झाली होती. नजर किती राहील ते आठवड्याभरानं कळणार होतं.

"वाळू कशी उडाली?" डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत तात्या बोलले. "वाळू वल्ली ऱ्हायली सायेब. माझ्याच हातनं भरली. घाई केली म्या."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. वाळू कुणी भरली ते त्यांना माहीत होतं. मी खाली फरशीकडे बघत राहिलो.

संध्याकाळी आम्ही तात्यांना लासुर्ण्याला पोचवलं. काकी दारात आल्या. डोळ्यावर पट्टी बघून त्यांचा चेहरा उतरला, पण आरडाओरडा केला नाही. तात्यांनी त्यांनाही तेच सांगितलं. "माझीच चूक." काकींनी त्यांना आत निजवलं आणि मग आमच्यासाठी चहा टाकला. तो चहा मी प्यायलो. आयुष्यात कितीतरी ठिकाणी चहा प्यायलो असेन, पण त्या चहाची आठवण झाली की अजून कानशिलं तापतात.

वास्तुशांत पुढं ढकलली. मॅडम मला एक शब्दही बोलल्या नाहीत. मी घरी पडून राहिलो. तब्येत बरी नाही असं सांगितलं, आणि ते मात्र खरं होतं. जेवण जात नव्हतं. नवव्या दिवशी मी मोटारसायकल काढली.

काकी अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मी समोर बसलो. प्रस्तावना काही सुचली नाही.

"काकी, वाळू म्या भरली हुती. भाजली न्हवती. तात्यांनी इचारलं, तवा भाजली म्हनलो."

त्यांचा हात थांबला नाही. एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, दुसरी घेतली.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या.

"तात्या बोलले?"

"त्ये कशाला बोलत्यात? उभ्या जन्मात या माणसानं वल्ली वाळू भरली न्हाय. माझ्या चुलीवर भाजायचे. भाकरी थांबायची, पर वाळू व्हायची." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "मी वाट बघत हुते, तू कवा येतुस."

त्यांनी पुढची शेंग घेतली.

"सांगितलंस म्हून डोळा माघारी येत न्हाय," त्या म्हणाल्या. "धूरकट दिसतंय त्यांना. येवढंच दिसणार म्हनला डाक्टर. पर आणीक एक सांगते. ह्यो माणूस माझ्याशी कदी खोटं बोलला न्हवता. तुझ्यापायी बोलला. नऊ दिस झालं, माझ्याशी नजर भिडवंना. आत जा, आन् सांग त्यांना, काकीला कळलंय म्हून. तेवढं तरी वझं उतरू दे."

आत तात्या खाटेवर बसले होते. पट्टी काढली होती. उजवा डोळा लाल आणि पाणावलेला. मी सांगितलं. त्यांनी दाराकडे बघितलं. मग त्यांच्या परीनं हळू, म्हणजे गल्लीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "बरं झालं. तिच्याशी खोटं बोलणं लई अवघड काम हाय. एक इंची पाईप परवडला."

बाहेर काकींच्या हातातलं सूप वाजायचं थांबलं होतं. त्या हसत होत्या की रडत होत्या, बघायला मी गेलो नाही.

तिथून मी तडक मॅडमकडे गेलो. आता उरलेलं एक खोटं होतं, सगळ्यात आधीचं. मी सांगितलं की तुम्ही विचारलंत तेव्हा मी तांब्याच्या पाईपाला हातसुद्धा लावलेला नव्हता. मोडलेले तीन पाईप पोत्यांमागून काढून दाखवले. त्यांनी ते एकेक हातात घेऊन बघितले. मला वाटलं, आता हिशेब संपला, जा म्हणतील.

"माझ्या वर्गात एखाद्यानं चुकीचं उत्तर लिहिलं तर मी रागावत नाही," त्या म्हणाल्या. "शेजारच्याचं बघून बरोबर लिहिलं तर रागावते. तुम्ही मला त्या दिवशी 'शिकून घेतो' म्हणाला असतात, तर मी थांबले असते."

"आता दुसरा मानूस बघा मॅडम."

"नाही. काम तुम्हीच पुरं करायचं. पण तो बेंड आधी तात्यांच्या हाताखालून जाईल. ते हो म्हणाले तरच माझ्या भिंतीवर चढेल. आणि तुमचं 'झालं' मी ऐकणार नाही. पाण्याचा दाब देऊन मी स्वतः काटा बघणार."

मी एक इंची पाईपाची नवी लांबी मोटारसायकलला बांधून लासुर्ण्याला नेली. छपराखाली वाईस आणि वळणाच्या मापाचा लाकडी साचा तयार केला. वाळू नदीची, चाळलेली. पत्रा शोधायला लागलो तेव्हा काकी बाहेर आल्या आणि घमेलं माझ्या हातातून काढून घेतलं.

"वाळू मी भाजणार."

त्यांनी चुलीवर घमेलं ठेवलं आणि उलथन्यानं वाळू हलवत बसल्या. मी दोनदा म्हणालो, झाली असेल. त्यांनी ऐकलंच नाही. मध्येच एक स्टीलचं ताट घमेल्यावर पालथं धरायच्या आणि उलटं करून बघायच्या. ताटाला वाफेचा ओलावा दिसला की पुन्हा हलवायला सुरुवात. तासाभरानं ताट कोरडं निघालं. तरी त्यांनी आणखी दोनदा धरून बघितलं. मग पदरानं घाम पुसला आणि म्हणाल्या, "हां. भरा आता."

वाळू भरली, ठासली, बूच ठोकले. मी ब्लोलॅम्प पेटवला. तात्या काठी टेकत आले आणि पाईपाच्या टोकाशी, त्या दिवशी उभे होते नेमके तिथंच उभे राहिले. आता एकाच डोळ्यानं रंग बघायचा म्हणून आणखी जवळ वाकले.

"तात्या, बाजूला व्हा."

"का?"

"बाजूला व्हा ना. पाया पडतो."

"वाळू तुझ्या काकीनं भाजलीया," तात्या ओरडले. "मी का बाजूला हू?"

काकी चुलीपाशीच उभ्या होत्या, ताट हातात. मी जाळ पाईपाला लावला. काळा पडला. जांभळट झाला. मग आतून उजेड यावा तसा लालसर. तात्या म्हणाले, "हां. सोड. आता वढ. सावकाश. दम दे त्याला. तांबं हाय, लोकांड न्हाय. दे, दे, आणीक वाईच. चिमूटभर फुडं जाऊ दे... बास!"

मी थांबलो. पाईप चिमूटभर परत आला आणि लाकडी साच्यावर अलगद बसला.

गार झाल्यावर तात्यांनी दोन्ही डोळे मिटून त्या वळणावरून बोटं फिरवली. पाठीवरून गेली, पोटावरून परत आली. पुन्हा गेली.

"घडी न्हाय," ते म्हणाले. एवढंच. काकींनी ताट आत नेऊन ठेवलं.

तो वाकडा पाईप काही मोटारसायकलवर मावेना. एसटीच्या टपावर टाकला तर कंडक्टर म्हणाला, ह्याचं तिकीट काय लावू, बसलेल्याचं का उभ्याचं? पण पोचला. कठड्याला असा बसला की फरशीवाल्यानंही हात फिरवून बघितला. दाबाचा पंप लावला. मॅडम खुर्ची घेऊन सकाळपासून काट्यासमोर बसल्या, पेपर तपासत. दर तासाला वहीत आकडा लिहायच्या. दुपारी चारला त्यांनी वही मिटली. काटा केसभरही हलला नव्हता.

वास्तुशांतीला मॅडमनी तात्या आणि काकींना गाडी पाठवून आणलं. गुरुजी यायच्या आधी तात्यांच्या हातात नवा पंचा दिला आणि म्हणाल्या, "या घरातली पहिली आंघोळ तुमची."

तात्या लाजले. परक्याच्या घरी आंघोळ काय, म्हणून मागं सरले. काकींनी डोळे वटारले तेव्हा गेले. आणि गेले ते बाहेर येईनात. दहा मिनिटं, वीस मिनिटं. आम्ही सगळे दाराबाहेर उभे. गुरुजी येऊन बसले. आतून नुसती पाण्याची धार. मी भिंतीला कान लावून कुठं थेंब गळतोय का ऐकत होतो, तर मॅडम म्हणाल्या, "बिरूदेव, पुरे आता. काटा मी बघितलाय."

तात्या बाहेर आले, डोक्याला पंचा, अंगाला वाफ.

"कसं आहे पाणी?" मॅडमनी विचारलं.

"कढत," तात्या म्हणाले आणि पायरीवर जाऊन बसले. त्या उजव्या डोळ्यातून सारखं पाणी यायचं, काकींनी ते पदरानं टिपलं. मी बाजूला उभा होतो. माफी मागायची म्हणून शब्द जुळवत होतो. गेले पंधरा दिवस जुळवतच होतो.

"तात्या, मला तुमाला येक..."

"उद्या कुठं काम हाय?" त्यांनी मध्येच विचारलं.

"उद्या? न्हाय. सध्या काय न्हाय."

"मग काढ. मला घरी बसवत न्हाय."

माफी राहून गेली. नंतरही कधी मागितली नाही. मागायला तोंड उघडलं की ते काहीतरी हातात द्यायचे किंवा काम सांगायचे.

त्यानंतर सात वर्षं, अंथरुणाला खिळेपर्यंत, तात्या माझ्या कामावर येत राहिले. मी लासुर्ण्याहून त्यांना घ्यायचो आणि संध्याकाळी सोडायचो. पेन्सिलीची खूण त्यांना दिसायची नाही, म्हणून खूण मी करायचो आणि वळण ते बोटांनी तपासायचे. गिऱ्हाइकं मला हळूच विचारायची, हे म्हातारबाबा कोण? मी सांगायचो, मालक.

मोटारसायकलवर ते मागं बसायचे, मांडीवर हत्याराची पिशवी. उजव्या बाजूनं येणारी गाडी त्यांना दिसायची नाही. त्यामुळे वळण आलं की ते डाव्या हातानं माझा खांदा घट्ट धरायचे. मी गाडी सावकाश वळवायचो.